पाखऱ्या निवांत, हौश्या निवांत

कॅप्टनसाहेबांच्या एका चपलेला लाल गोंडा होता आणि दुसरीला नव्हता. तो गळून पडला असेल असं मला पहिले काही महिने वाटत होतं. एकदा धीर करून मी म्हणालो, "सर, दुकानातून दुसरा गोंडा लावून आणू का जी?"

"दुसरा मीच कापलाय," ते म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

विमान उडवताना ते बूट घालत. त्यातल्या एका बुटाची नाडी काळी होती, दुसऱ्याची लाल. उचगावात त्यांचं घर होतं आणि त्याच घरामागच्या खोलीत मी राहत होतो. गल्लीतले लोक मला विचारत, "ह्यो काय परकार हाय रं?" मला ठाऊक नव्हतं. मग ते आपणच उत्तर देत, "मोठा मानूस हाय. मोठ्या मानसाला कायतरी करायला लागतंयच की."

रिक्षात बसले की साहेब रस्ता सांगत तो असा: "पान्याच्या टाकीकडं वळवा पावणं. आता पिवळ्या बंगल्याकडं. आता त्या म्हशीच्या अंगानं आत घ्या." एकदा एका रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "साहेब, आनी म्हस उठून गेली तर?"

"मग थांबायचं."

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. आम्ही उतरताना हळूच म्हणाला, "ह्येच इमान चालवत्यात व्हय?"

हेच चालवत. कोल्हापुरातल्या एका कारखानदाराचं छोटं जेट विमान होतं, आठ आसनांचं. मालक त्यातून दिल्लीला, हैदराबादला, कुठं कुठं जात. पुढं कॅप्टनसाहेब आणि शेजारी को-पायलट मॅडम. मॅडम नाशिकच्या, वयानं लहान, बोलायला मोजक्या. आणि मागं मी, चहा-पाणी, सामान, दार, पट्टे बघायला.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. आठवीत शाळा सोडली. पुढं इकडंतिकडं बरीच वर्षं काढून फरशी बसवणाऱ्या टोळीबरोबर कोल्हापूरला आलो ते विमान ठेवायच्या शेडची फरशी घालायला. टोळी परत गेली, मी झाडू मारायला राहिलो. तेव्हा तिशी उलटली होती. घरी आई आणि दोन बहिणी. कोल्हापूर ते गोंदिया एकच रेल्वेगाडी जाते, कुठं बदलावी लागत नाही. सगळ्यांना ती मोठी सोय वाटते. मला मात्र त्या गाडीची धास्ती होती. माझं काही चुकलं तर मला परत पाठवणं फारच सोपं होतं.

उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. झाडताना मी जवळून गेलो की पायानं ते दाबून बघायचो. साहेबांनी दोन दिवस ते पाहिलं.

"किती डाव बघतोस रं?"

"भीती वाटते जी."

"कशाची?"

"घसरलं तर."

"आनी ही भीती कधीपासनं?"

"लहानपणापासून."

"ब्येस," ते म्हणाले. "उद्यापासनं माझ्याकडं ये. न घाबरनारी मानसं हितं पोत्यानं हायत. मला एक घाबरनारा पायजे."

भीती वाटते म्हणून नोकरी मिळालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. महिनाभर त्यांनी मला दार कसं उघडायचं, प्राणवायूचे मुखवटे कुठं असतात, आग विझवायची नळकांडी कशी दाबायची, हे शिकवलं. गळ्यात ओळखपत्र आलं. त्याचा फोटो मी घरी पाठवला. बहीण म्हणाली, त्यात तू फारच घाबरलेला दिसतोस.

आता बैलांचं सांगतो.

साहेबांच्या वडिलांची हातकणंगल्याकडं शेती होती. त्यांच्या लहानपणी दारात एक जोडी होती, पाखऱ्या आणि हौश्या. आमच्या विमानाला शेपटीजवळ दोन बाजूंना दोन इंजिनं होती. साहेबांनी त्यांना हीच नावं ठेवली होती. "बिननावाच्या बैलाला कोन जुपतंय का?" असं ते विचारत, आणि त्यांना उत्तर हवं असे. आपण "नाही" म्हणेपर्यंत ते पुढं बोलत नसत.

त्यांच्या आसनावरून खिडकीकडचा पाखऱ्या, मॅडमकडचा हौश्या. माझ्यासाठी वेगळी खूण. विमानाच्या अगदी मागं एका अंगाला हात धुवायची मोरी होती आणि दुसऱ्या अंगाला कोट टांगायचं कपाट. मोरीकडचा पाखऱ्या, कपाटाकडचा हौश्या. त्या मागच्या जागेला ते गोठा म्हणत. विमान वर चढलं की मी गोठ्यात जायचं, दोन हात पसरून दोन्ही भिंतींना तळवे लावायचे, आणि तिथल्या फोनवरून पुढं सांगायचं, "पाखऱ्या निवांत, हौश्या निवांत." प्रत्येक वेळी. हे त्यांनी एकदाही विसरू दिलं नाही.

हळूहळू मला दोघंही हाताला ओळखू यायला लागले. पाखऱ्या थोडा गुरगुरायचा. हौश्याचा आवाज नव्हता, तळव्याला मुंग्या आल्यासारखं नुसतं वाटायचं. एकदा मालकांच्या पाहुण्यांनी मला तसं हात पसरून, डोळे मिटून उभं पाहिलं आणि विचारलं, "यांना बरं वाटत नाहीये का?"

"न्हाई, बरा हाय तो," मालक पेपर वाचत म्हणाले. "इमानाची नाडी बघतोय."

दर सोमवारी तालीम असे. विमान शेडमध्ये उभं, इंजिनं बंद, आणि आम्ही तिघं आपापल्या जागी. मी मुक्या भिंतींना हात लावून "निवांत" म्हणायचं. मग साहेब ओरडत, "झालं! बिगाडलं!" की तिघांनीही पहिल्यांदा एकच करायचं: हात मांडीवर.

"काय बी झालं तर पयलं हात मांडीवर," ते सांगत. "मग बघायचं. मग नाव घ्यायचं. मग त्या इंजिनाचा दांडा धरायचा. मग शेजारच्याला इचारायचं, ह्योच का? त्यो व्हय म्हनला, की मग वढायचा."

मी एकदा विचारलं, एवढं करेपर्यंत उशीर नाही का होत?

"दोन इंजिनांतलं एक गेलं तर इमान पडत न्हाई लेका. एकावर येतंय घरी. मानूस घाबरून हात घालतंय, चांगलं बंद करतंय आनी बिगाडलेलं ठेवतंय. तवा पडतंय."

त्यानंतर मी हा प्रश्न विचारला नाही. झोपताना मात्र बरेच दिवस आठवत होता.

हात मांडीवर हा नियम त्यांनी जमिनीवरही सोडला नव्हता. चहा सांडला, कुकरची शिट्टी उडाली, गल्लीत भांडण लागलं, तरी साहेब आधी बसत आणि हात मांडीवर ठेवत. एकदा घरून फोन आला, आई पडली. मी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायला लागलो. ते दारात आले.

"बस. हात मांडीवर. आता बोल. काय झालंय?"

"आई पडली."

"कुठं?"

"न्हाणीत."

"बोलतीया का?"

"बोलते. मला फोन करू नका म्हणाली."

"मग मानूस जागेवर हाय. मांडी मोडली का मनगट?"

"मनगट."

"मग पिशवी भर. गाडीला अजून दोन तास हायत." आणि स्टेशनवर सोडायला ते स्वतः आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे होते. मी परत येईन की नाही हे त्यांनी विचारलं नाही. मला त्याचीही भीती वाटली.

ते घडलं त्या दिवशी सकाळची वेळ होती, आभाळ स्वच्छ. मालक आणि त्यांचे दोन पाहुणे दिल्लीला निघाले होते. जोतिबाचा डोंगर मागं पडला. माझं "निवांत-निवांत" सांगून झालं होतं आणि मी ट्रेमध्ये कप मांडत होतो, इतक्यात मागून धप्प आवाज आला. गच्चीवरून पोतं टाकावं तसा. मग विमान थरथरायला लागलं. ट्रेमधले कप आपापले चालायला लागले. मालक त्या कपांकडं बघत राहिले.

ट्रेजवळचा फोन वाजला. "गोठ्यात जा."

मी पळालो. मागं तोंड करून उभा राहिलो, दोन्ही भिंतींना तळवे लावले. खांद्यानं तिथला फोन कानाशी धरला होता. त्यातून साहेबांचा आवाज आला, "हात मांडीवर." मला वाटलं मॅडमना म्हणाले. मग म्हणाले, "बोल. कुठला?"

माझा एक तळवा नुसता हलत नव्हता, उडत होता.

"डावा, सर! डावा!"

फोनमध्ये मॅडमचा आवाज ऐकू आला. "सर, मला उजवा वाटतोय. उजव्याचं तापमान चढतंय."

मग काहीच ऐकू येईना. त्या शांततेत मला कळलं की माझ्या एका शब्दावर पुढं कुठलातरी दांडा ओढला जाणार आहे. मागं तीन माणसं पट्टे बांधून बसली आहेत. पुढं दोन आहेत. आणि मी आठवीत शाळा सोडलेला.

"डावं-उजवं दोघं बी ठेवा बाजूला," साहेब म्हणाले. आवाज रिक्षावाल्याला रस्ता सांगतात तसाच. "लेका, नाव सांग. कुनाकडचा?"

मी माझ्या हाताकडं पाहिलं. तो कपाटाला लागला होता. आतले कोट एकमेकांवर आपटत होते.

"कपाटाकडचा! हौश्या, सर. हौश्याला त्रास होतोय."

"पाखऱ्या?"

दुसऱ्या तळव्याखाली तो नेहमीसारखा गुरगुरत होता. "निवांत."

"मॅडम, हौश्या कुठला?"

"माझ्याकडचा."

"धरा. ह्योच?"

"हाच."

"व्हय, ह्योच. वढा. सावकाश, पुरता नगं. आनी तू हात काढू नगंस रं."

मी हात काढला नाही. तळव्याखालची थरथर उतरत गेली. दमलेलं जनावर खाली बसतं तशी.

"उतरली, सर. खूप उतरली."

"बंद करा मॅडम," साहेब म्हणाले. मग मला, "मालकांना सांग, च्या खाली घिऊ."

मी पुढं आलो. मालकांना म्हणालो, "सर, कॅप्टनसाहेब म्हणतात चहा खाली घेऊ."

"खाली म्हंजे कुठं?"

"कोल्हापुरात."

"अरे, आत्ताच निघालोय की!"

"हो जी."

मालकांनी थोडा विचार केला. "किती बैल चालू हायत?" त्यांनी विचारलं. म्हणजे इतकी वर्षं पेपर वाचता वाचता ते सगळं ऐकत होते.

"एक, सर. पाखऱ्या."

"बरं," म्हणाले आणि पट्टा आवळला. एका पाहुण्यानं दुसऱ्याला विचारलं, "बैल कसले?" दुसऱ्यानंही पट्टा आवळला.

विमान मोठा वळसा घेऊन परत आलं आणि उतरलं. धावपट्टीच्या कडेला आगीचा बंब उभा होता. तो आमच्या मागून थोडं पळाला आणि थांबला. खाली उतरून सगळ्यांनी हौश्याच्या तोंडात वाकून पाहिलं. आतली तीन पाती दुमडली होती. मालक बराच वेळ बघत होते.

"एकावर आलो आपण?"

"बैलगाडी येत न्हाई एकावर," साहेब म्हणाले. "ह्ये येतंय. शेतीपरास बरं हाय."

मग मला म्हणाले, "च्या."

मी चहा केला. कपांचा आवाज होऊ नये म्हणून ट्रे जमिनीवर ठेवून ओतला.

पुढं चौकशी लागली. विमानात बोललेलं सगळं एका पेटीत नोंदवलं जातं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे माझं "डावा, सर, डावा"सुद्धा. बिघडलेलं इंजिन उजवं होतं. मी मागं तोंड करून उभा होतो, म्हणून माझा डावा हात उजव्या भिंतीला होता. हे मला खोलीवर येऊन, भाताच्या पातेल्याला विमान धरून, दोनदा फिरवल्यावर समजलं. मी पिशवी भरून ठेवली. संध्याकाळी साहेबांकडं गेलो.

"सर, मला लेखी द्यायचं आहे. मी काय म्हणालो ते आठवत नाही असं लिहू का?"

"आठवतंय का?"

"आठवतं."

"मग आठवतंय त्ये लिव्ह."

"मग मला पाठवतील जी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या हातांकडं. मी ते मांडीवर ठेवले आणि तिथंच बसून लिहिलं. 'मी डावा म्हणालो. ते चूक होतं. साहेबांनी नाव विचारलं. मग मी बरोबर सांगितलं.' चार ओळी. त्यातल्या अक्षरांच्या चुका त्यांनी दुरुस्त केल्या नाहीत. "तुजं हाय, तसंच दे," म्हणाले.

चौकशीला चार अधिकारी होते. लांब टेबल. त्यांनी पेटीतलं बोलणं ऐकवलं. माझा आवाज मला बाईसारखा वाटला. मग त्यांतल्या वडीलधाऱ्या अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारलं, "इथं तुम्ही 'हात मांडीवर' म्हणता. को-पायलटचा हात दांड्यावर गेला होता का?"

मॅडम खाली बघत होत्या. एवढे दिवस त्या याबद्दल कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, आता यांचं काही खरं नाही.

"न्हाई," साहेब म्हणाले. "माझा गेलता."

"कुठल्या दांड्यावर?"

"चुकीच्या."

वडीलधाऱ्यांनी ते लिहून घेतलं.

"मला डावं-उजवं चटशिरी उमगत न्हाई," साहेब सांगायला लागले. कबुली देतात तसं नाही, ऊस कुठल्या जातीचा ते सांगावं तसं. "ल्हानपनापासनं. इचार केला की उमगतंय. पन इचाराला येळ लागतोय, आनी वर त्यो नसतोय. बैल मातर मला झोपंत बी वळखाय येत हुते. म्हनून नावं. म्हनून ह्यो मागं हात लावून हुबा. हात माझा चुकनार ह्ये मला ठावं हुतं. कुठल्या दिवशी चुकंल तेवडं ठावं न्हवतं."

चार अधिकाऱ्यांपैकी तिघांनी टेबलाखाली हात हलवून पाहिले. घास घ्यायचा हात कुठला, ते. मी कोपऱ्यात बसलो होतो, मला दिसलं. चौथे डावखुरे असावेत, ते जास्त वेळ बघत होते.

"आणि या गृहस्थांनी 'डावा' सांगितलं," वडीलधारे माझ्याकडं बोट करून म्हणाले. "म्हणजे तुमचा हात होता तिथंच. दोघांचं चुकीचं जुळलं होतं. तुम्ही ते ऐकलं असतं तर?"

"तर हितं बसलो नसतो."

"मग का ऐकलं नाही?"

"त्यो घाबरला हुता आनी मी बी. घाबरलेली दोन मानसं एकच बोलली म्हंजे खरं हुतंय व्हय? नाव इचारलं. नाव त्यानं बरोबर सांगितलं. त्येच्यासाठीच ठेवलाय त्याला."

अहवाल आला तेव्हा त्यात माझ्या हकालपट्टीचं काही नव्हतं. एक सूचना होती. विमानाच्या बाजू सांगताना सांगणाऱ्याचं तोंड कुणीकडं आहे यावर अवलंबून नसलेले शब्द वापरावेत. साहेबांनी ती दोनदा वाचली. "म्हंजे बैलं बरोबर हायत," म्हणाले. "जरा लांबनं सांगत्यात."

साहेबांना वर्षभर आणखी शिकवण्या आणि परीक्षा द्याव्या लागल्या. ते सगळ्यांत पास झाले. गोंडा कुठल्या बाजूची खूण, हे मी शेवटी विचारलं.

"खिडकीकडची," ते म्हणाले.

वय झालं तसं त्यांनी उडणं थांबवलं आणि शेताकडं राहायला गेले. मालकांनी नवं विमान घेतलं. नवे कॅप्टन मोठ्या शहरातले, घड्याळाकडं बघून बोलणारे. मी पहिल्या दिवशी गोठ्यात गेलो आणि खूण शोधायला लागलो. मोरी पुढं नेलेली. कपाट नाहीच. मागं दोन्ही भिंती सारख्या, पांढऱ्या, मऊ. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि साहेबांना फोन लावला.

"सर, पाखऱ्या कुठला ते कळत नाही. मोरीच नाही."

"इमान वर हाय का?"

"नाही जी. शेडमध्ये उभं आहे."

"हात कुठायत?"

मी पाहिलं. "एक मांडीवर. दुसऱ्यात फोन."

"मग घाई न्हाई." मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता, तो त्यांनी बंद केला. "आनी पाखऱ्या-हौश्या माझं बैल हायत. माझ्या दारातलं. तू भ्यालास की तुझ्या तोंडात कुनाचं नाव येतंय?"

"निर्मलाचं. नाहीतर बेबीचं."

"कोन ह्या?"

"बहिणी, सर. निर्मला थोरली."

"जेवाय बसला की निर्मला कुनीकडं बसती?"

"दाराकडं. बेबी चुलीकडं."

"इमानाला दार किती?"

"एक."

"मग झालं की. दाराकडची निर्मला. ऱ्हायली ती बेबी." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पन इचार त्यास्नी आदी. मी बैलास्नी इचारलं न्हवतं, त्येचं वाईट वाटतंय कदी कदी."

मी घरी फोन केला. आईच्या मनगटानंतर माझं तिकडं जाणं झालं नव्हतं आणि फोनही कमीच. निर्मलानं सगळं ऐकून घेतलं.

"काहून गा, यंत्राले आमची नावं?"

मी सांगितलं.

"आन् एक बंद पडलं तर?"

"दुसरी घेऊन येते घरी."

पलीकडं बेबी कुणाला तरी हसून काहीतरी सांगत होती.

"बरं," निर्मला म्हणाली. "ठेव. पण बेबीच्या भरवशावर राहू नको. आन् एवढं घरी घेऊन येते म्हणतोस, तर तू कधी येशील?"

गाडी एकच आहे, बदलावी लागत नाही, असं मी तिला सांगितलं. दिवाळीला येतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नवं विमान वर चढलं. मी मागं गेलो, हात पसरले, तळवे लावले, फोन खांद्यानं कानाशी धरला.

"निर्मला निवांत," मी म्हणालो. "बेबी निवांत."

नवे कॅप्टन म्हणाले, "कोण?"

मी हात काढले नाहीत. परत सांगितलं.